शालूताईचा पडदा

शालूताई गेल्याची बातमी मला दोनदा कळली. आमच्या घराचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप आहेत. एका निवडणुकीत माझा थोरला भाऊ आणि ताईचे यजमान इतके भांडले, की एका ग्रुपमध्ये राहणं दोघांनाही जमेना. मी आणि ताई तेवढ्या दोन्हीकडे. त्या दिवशी आधी भाऊजींच्या ग्रुपवर बातमी आली, मग दादाच्या. दोन्हीकडे तिचा तोच फोटो, तेच अर्धवट हसू... कामठीहून नागपूरला निघाले तेव्हा फोनवर दोन्हीकडे वेगवेगळी माणसं हळहळत होती, आणि ताई दोनदा गेली असं मला उगाच वाटत राहिलं.

याला दीड महिना होत आला. अजून दुपार कलली की मला तिचं स्वयंपाकघर आठवतं. आठवतं म्हणण्यापेक्षा, मी तिथं जाऊन बसलेलीच असते.

भाऊजी एका पक्षाचे जुने कार्यकर्ते, दादा समोरच्या पक्षाचा. पूर्वी त्यांचे वाद जेवणानंतरच्या सुपारीबरोबर संपायचे. पुढे पक्ष हळूहळू घरभर पसरला. केस कुठे कापायचे तेही भाऊजी पक्ष बघून ठरवू लागले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दुकानावर दुसऱ्या पक्षाचा झेंडा लावला, तर त्याच्याकडचं सामान बंद. ताई मात्र भिवापुरी तिखट तिथूनच आणायची, गुपचूप, पदराखाली. मी हसले की म्हणायची, "तिखटाले कोणता पक्ष असते वं?" आणि भाऊजी त्याच तिखटाची भाजी मागून मागून खायचे.

मग एका भाऊबीजेला दादानं तिच्यासाठी साडी आणली. लख्ख संत्र्याच्या रंगाची. पारशिवनीला आमच्या घरामागं संत्र्याची दोन झाडं होती. लहानपणी ताई त्यांच्याखालीच लोळत असायची, आणि आम्ही जवळ गेलो की साल पिळून आमच्या डोळ्यांत उडवायची. साडी घेताना मनात तेच होतं, असं दादा आजही शपथेवर सांगतो. भाऊजींना मात्र तिच्यात दादाच्या पक्षाचा झेंडा दिसला. "मले डिवचाले आणली काय ही?" ते म्हणाले. दादा भरल्या ताटावरून उठला तो ताई असेपर्यंत पुन्हा त्या घरात आला नाही.

ताईनं ती साडी कधी नेसली नाही. रडलीही नाही. तिनं ती कापली, शिवली आणि स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीला तिचा पडदा केला. दुपारचं ऊन त्यातून आत आलं, की आपण संत्र्याच्या आत बसलोय असं वाटायचं... भिंती, माठ, वरणाची वाटी, सगळं त्या रंगाचं. भाऊजींचा पांढराशुभ्र कुडतासुद्धा. ते ताट घेऊन सावलीत सरकायचे, थोड्या वेळानं ऊन त्यांच्या मागोमाग तिथं पोचायचं.

"पडदा काढ तो. लोकं काय म्हणतीन?"

"संत्र्याचा रंग हाय तो," ताई पोळी लाटता लाटता म्हणायची. "तुम्ही जेवा."

शेवटची भेटले तेव्हा ती बेसनाची पाटोडी थापत होती. खिडकीतून तसंच ऊन येत होतं, आणि तिचे हात मला लहानपणीसारखे दिसत होते. "या भाऊबीजेले दोघाईले इथं संग बसवीन," ती म्हणाली. "मले बाकी काही नाही पाह्यजे." तेवढंही तिला मिळालं नाही. मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांकडे बघितलं की तो टिकतही नाही.

तेरवीला दादा आला आणि दारातच घुटमळत उभा राहिला. आत भाऊजींच्या पक्षाची मंडळी बसली होती. बैठकीतून स्वयंपाकघराची खिडकी समोरच दिसते. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "भाऊ, हा पडदा काढून ठेवू का? साहेब येऊन राहिले."

भाऊजींनी मान वर केली. "काहून? संत्र्याचा रंग हाय तो."

दादानं ते ऐकलं. भाऊजींनी त्याला पाहिलं आणि ते म्हणाले, "या दादा. उन्हातून आले... जेवून घ्या."

दोघं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसले. पाटोडी मी केली होती, ताईसारखी जमली नव्हती. ऊन सरकत आलं आणि दोघांच्याही कपड्यांचा रंग एकच झाला. वाढायला ताई तेवढी नव्हती.

ग्रुप अजून दोनच आहेत. दादा फोन करतो, भाऊजी दोन शब्द बोलतात, त्यापलीकडे फारसं काही नाही. परवा मी गेले तेव्हा भाऊजी एकटेच जेवायला बसले होते. पडदा कडेनं जरा विटलाय. ऊन त्यांच्या ताटापर्यंत आलं तशी मी सवयीनं उठले आणि ताट सावलीत सरकवायला हात पुढे केला.

"राहू दे वं," भाऊजी म्हणाले, आणि तसेच उन्हात जेवत राहिले.