दादाच्या टीव्ही गेमचा एलिमिनेटर

माझा मोठा भाऊ मुंबईहून रत्नागिरीला कायमचा परत आला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग होती आणि एक टीव्ही गेम. नोकरी सोडली, असं आम्ही लोकांना सांगायचो. खरं म्हणजे त्याला घालवलं होतं. त्याआधी वर्षभर तो घरात कुणाशी बोलेनासा झाला होता, म्हणून वहिनी मुलीला घेऊन माहेरी चिपळूणला निघून गेली होती. गेम मुलीचा. निघताना घाईत तिथेच राहिला, तो दादानं स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून आणला.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. माझं लग्न झालेलं नव्हतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. संध्याकाळी घरी यावं तर दादाच्या खोलीतून गेमची पिपाणी ऐकू यायची. जुना पोर्टेबल टीव्ही त्यानं तिथे नेऊन ठेवला होता.

"चाळिशीला टेकला, आणि माकडउड्या मारतोय बघ टीव्हीवर," मी आईला म्हणायचो. तो ऐकेल एवढ्या आवाजात.

"तू गप रे मेल्या," आई म्हणायची. "मुलगी त्या गेमात एका पुलाशी अडकायची म्हणे. तो पूल कसा ओलांडायचा ते शिकतोय. तिला दाखवायचाय त्याला."

हे मला माहीत होतं. माहीत असून बोलत होतो.

एप्रिल संपता संपता वहिनीचा फोन आला. मुलीला आठ दिवस पाठवते म्हणाली. त्या दिवशी दादानं स्वतःहून दाढी केली. कित्येक महिन्यांत माझ्याशी सरळ बोलला नव्हता, तो ओटीवर येऊन म्हणाला, "ती आली की दोघं खेळू. दुसरा रिमोटपण चालतोय, बघितलंय मी." मग जरा थांबून, "पूल होतो आता माझा."

मी म्हटलं, "बरं."

आमच्याकडे मे महिन्यात आभाळ गडगडायला लागलं की घरात जो असेल त्यानं उठून सगळ्या पिना काढायच्या असतात. टीव्हीची, फ्रीजची, अँटेनाची वायर, टेलिफोनसुद्धा. हे कुणी शिकवत नाही. पोरं चालायला लागतात तशी पिना काढायला लागतात. त्या दुपारी दादा केस कापायला गेला होता. गडगडलं तशी आई मागीलदारातून ओरडली, "पिना काढ रे! सगळ्या काढ!"

मी सगळ्या काढल्या. दादाच्या खोलीत गेलो, टीव्हीची काढली. शेजारच्या बोर्डात गेमला वीज पुरवणारा एलिमिनेटर होता. ती पिन मी बघितली आणि तशीच राहू दिली.

विसरलो नव्हतो. दुपारी जेवताना आईनं सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली होती आणि मला शेपटीकडची. तो मुंबईला गेला आणि मी इथे राहिलो, वडिलांचं आजारपण मी काढलं, आणि आता हरून आला तरी मधली तुकडी त्यालाच. एवढ्या मोठ्या माणसानं एवढ्यावरून हे केलं. दुसरं मोठं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

वीज जवळच कुठेतरी पडली. दादा आला तेव्हा खोलीत जळका वास होता आणि एलिमिनेटरचं काळं झाकण मऊ होऊन बसलं होतं.

"ही काढली नव्हतीस?"

"काढायला जाईपर्यंत पडली वीज," मी म्हटलं.

गेम स्वतः वाचला असावा, अशी आशा होती. दादानं घरच्या ट्रान्झिस्टरचा एलिमिनेटर, त्याची सुटी पिन उलटसुलट बसवत, लावून बघितला. चित्र आलं, पण पाण्यात हलल्यासारखं. जरा वेळानं विझलं. त्याची ताकद कमी पडत होती. पण मशीन जिवंत होतं. मुलगी यायला आठवडा होता.

मग मी शोधायला लागलो. पश्चात्तापानं शोधत होतो असं लिहिलं तर बरं दिसेल. मला भीती वाटत होती.

रामआळीत पहिल्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "कुठला गेम? कंपनी सांगा." कंपनी नव्हतीच. खाली चिकटवलेल्या कागदावरची अक्षरं पुसली होती, नऊ व्होल्ट एवढं कसंबसं वाचता येत होतं. शेजारी पिनेचं छोटं चित्र असावं, तेही घासून गेलेलं. दुसऱ्या दुकानदारानं कॉर्डलेस फोनचा एलिमिनेटर काढून दिला. नऊ व्होल्टचाच, पिनही चपखल. घेणार होतो, तेवढ्यात त्यानंच उलटून बघितला आणि परत घेतला. "नको हो. हा एसी आहे. तुमच्या मशीनला डीसी लागेल." तिसऱ्याला हसू आवरेना. "आता सीडीवाले गेम आलेत, हे कोण घेऊन बसलंय? पोराला नवीन घ्या की."

"पोराला नाही," मी म्हटलं. "भावाला."

त्याचं हसू आणखी वाढलं आणि मीही त्याच्याबरोबर हसलो.

रोज घरी आलो की दादा ओटीच्या पायरीवर असायचा. "मिळाला काय?"

"बघतोय."

मुलगी यायच्या आदल्या दिवशी एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मशीनच घेऊन गेलो. त्यानं ते उघडलं, मीटर लावला आणि कपाटातून एक जाडजूड एलिमिनेटर काढला. त्याची पिन सुटी होती. वायरच्या टोकाला ती सरळही बसायची आणि उलटीही. त्यानं ती बसवून माझ्यासमोर धरली. "ही अशीच ठेवा हो. आत मायनस, बाहेर प्लस. ट्रान्झिस्टरला बसवता त्याच्या बरोबर उलट. चुकलात तर मशीन गेलं."

मी मान डोलावली आणि पिशवीत टाकला. रिक्षा हादरत होती. घरी येऊन काढतो तर पिन निघून पिशवीच्या तळाशी पडलेली. ट्रान्झिस्टरला बसवायची सवय होती तशी बसवली. बसवताना मनात आलं होतं की त्याच्याकडे परत जावं, निदान फोन करून विचारावं. उकडत होतं. दादा समोर हात पुढे करून उभा होता.

"बघितलंस ना नीट? प्लस मायनस?"

"होय रे. लाव."

त्यानं लावला, बटण दाबलं. आत टिकली फुटावी तसा आवाज आला आणि मशीनच्या फटीतून धुराची एक रेघ वर आली.

मग मी वाकलो, पिन हातात घेतली आणि म्हटलं, "दादा, लावताना निघाली काय रे ही तुझ्या हातून? उलटी बसलीय."

त्यानं पिनेकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. त्या दिवसांत कुठलीही वाईट गोष्ट त्यानं केली म्हटलं की त्याला ती लगेच पटायची. हे मला ठाऊक होतं.

"असेल," तो म्हणाला. "माझ्या हातून काही होतच नाही बघ नीट."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, मामाबरोबर. दादानं दार लावून घेतलं. आई दाराशी जाऊन म्हणाली, "अरे, पोर आलीय. नुसतं भेट तरी." आतून आवाज आला, "काय दाखवू तिला?" मुलीनंही थाप मारून बघितली. "बाबा, मी आलेय." मी अंगणात होतो, खिडकीतून आतलं दिसत होतं. तो दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता, प्रत्येक थापेला त्याचं डोकं हलत होतं. मी तिथून बाजूला झालो.

ती आठ दिवस राहिली नाही. मामाला फोन करून बोलावून घेतलंन तिनं.

त्यानंतर दादा सहा-सात वर्षं होता. जेवायचा, झोपायचा. बाजारातून काही आणू का विचारलं तर मान हलवायचा. मुलीचा विषय आईनं काढला की उठून जायचा. मी त्याला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दार उघडून चिपळूणला गेला असता की नाही, मला माहीत नाही. जाण्याची संधी मी त्याला दिली नाही, एवढं माहीत आहे.

तो गेला तेव्हा ती बाराव्याला आली. कॉलेजात होती. संध्याकाळच्या एसटीनं निघाली, मी स्टँडवर सोडायला गेलो.

"काका," ती म्हणाली, "मी एकदा आले होते ना मे महिन्यात. बाबांनी दारच उघडलं नाही. त्यांना मी नकोच होते का हो?"

"असं नाही गो. त्याला बरं नव्हतं तेव्हा."

"हं. आईपण हेच सांगते."

तिनं चेहरा दुसरीकडे फिरवला. गाडी लागायला अजून वेळ होता. सांगायला भरपूर वेळ होता. मी उठलो, आणि तिच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेलो.