बोकड मास्तरांची दाढी

राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचं नवं गाणं वाजलं आणि आठवड्याच्या आत अख्खं शहर संगीतातलं जाणकार झालं. ज्यांना न्हाणीघरातसुद्धा एक ओळ धड सुरात म्हणता येत नाही, ते चाल कुठे फसली ते समजावून सांगायला लागले. गाणं एका कोवळ्या मुलीनं गायलं होतं. दर दोन शब्दांमागे ती झटक्यानं श्वास घ्यायची. झालं, लोकांनी तिचं नाव 'उचकी' ठेवून टाकलं.

नाक्यावरच्या शिंप्याच्या दुकानात पँट घ्यायला आलेल्या बँकेतल्या कारकुनानं तिचा एक व्हिडिओ काजकाकूंना दाखवला. मुलगी घरातून बाहेर पडते आहे, तोंडापुढे फाईल धरली आहे, आणि फाटकापासून गाडीपर्यंत दोन्ही बाजूंना उभी असलेली टोळकी नुसती उचक्या काढताहेत. कारकून पोट धरून हसत होता.

"हसून झालं?" काकू म्हणाल्या. "मग तो फोन खिशात घाला आणि पँट घेऊन चालू पडा."

काजकाकू म्हणजे या दुकानाची अर्धी मालकीण. त्यांचे यजमान, मास्तर, कापायचे, शिवायचे. काकू काजं करायच्या, बटणं लावायच्या, म्हणून त्यांना हे नाव. मास्तरांना लोक 'बोकड मास्तर' म्हणायचे, तेही अगदी प्रेमानं, तोंडावर. गल्लीत नव्यानं आलेल्यांना वाटायचं, हनुवटीवरच्या त्या टोकदार दाढीमुळे. तसं वाटावं म्हणूनच काकूंनी ती दाढी ठेवायला लावली होती. नाव आधी पडलं होतं. दाढी मागून आली.

तीसेक वर्षांपूर्वी अशाच स्पर्धेसाठी मास्तरांनी गाणं गायलं होतं. आवाजाची निवड झाली तेव्हा घरात केवढा आनंद! पण गाण्याचा शेवटचा सूर मास्तरांनी असा काही लांबवला की ऐकणाऱ्यांना बोकड आठवला. मग काय, रस्त्यानं जाताना मागून 'बेंऽऽ', दुकानासमोरून 'बेंऽऽ'. एका सकाळी दुकानाच्या कडीला हिरव्या गवताची पेंढी बांधलेली सापडली. मास्तरांनी ती मुकाट्यानं सोडली, आणि त्यानंतर त्यांनी मशीनवर बसून कधी साधं गुणगुणलंसुद्धा नाही.

पुढे नवं गाणं करायचा कुणी खटाटोप केला नाही. दर स्पर्धेला तीच जुनी टेप वाजत राहिली. ती ऐकत पोरं मोठी झाली आणि त्याच गाण्याचं 'आपलं जुनं गाणं' झालं. मास्तरांची माफी कुणी मागितली नाही. लोक विसरले, एवढंच. काकू विसरल्या नव्हत्या.

म्हणून फुलांचा गुच्छ घेऊन चार माणसं दुकानात शिरली तेव्हा काकूंच्या कपाळावरची शीर उठली. 'जुनं गाणं परत आणा' अशी समिती निघाली होती आणि तिचा पुढारी होता समोरचा बेकरीवाला. पहिलं 'बेंऽऽ' यानंच केलं होतं, बेकरीच्या पायरीवर उभं राहून.

"मास्तर, ते नवं गाणं म्हणजे कानांवर अत्याचार," बेकरीवाला म्हणाला. "तुमच्या गाण्याची सर कशालाच नाही. रविवारी चौकात सभा आहे. तुम्ही फक्त उभे राहा आणि गा."

"तुमचा आवाजही काही कमी नव्हता," काकू म्हणाल्या. "पायरीवरून थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा."

"काकूंची थट्टा म्हणजे ना!" तो मनमोकळं हसला. त्याला खरंच आठवत नव्हतं. आठवत असून हसला असता तर निदान तोंडावर चार शब्द सुनावता आले असते. पण ज्याच्या लक्षातच नाही त्याच्यावर रागवायचं कसं? काकूंचा संताप नुसता आत उकळत राहिला.

त्यात मास्तर 'हो' म्हणून बसले.

"अहो, खरंच जाणार?" समितीची पाठ वळताच काकूंनी विचारलं.

"का नको? जन्मभर बोकड म्हणवून घेतलं. एकदा गायक म्हणवून घेतलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

"त्या पोरीचं बिघडतंय. तिला बडवायला काठी हवीय त्यांना. म्हणून तुमची आठवण झाली."

"मी तिला एक शब्द बोलणार नाही. माझं गाणं म्हणेन आणि उतरेन. आणि तिचं गाणं वाईट आहे, हे तूसुद्धा मानशील."

"आहेच वाईट," काकू म्हणाल्या. "तुमचंही वाईटच होतं."

मास्तरांचा पाय मशीनवर थबकला. इतक्या वर्षांत घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"तेव्हा बोलले नाही," काकू म्हणाल्या, "कारण गाणं जेवढं वाईट होतं त्याच्या शंभरपट वाईट लोक तुमच्याशी वागले. वाईट गाणं हा काय गुन्हा आहे? ऐकू नये, रेडिओ बंद करावा. माणसाला रस्त्यानं चालणं मुश्किल करायचं?"

रविवारपर्यंत दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. कोटाचं तुटलेलं बटण मात्र काकूंनी लावून दिलं. राग आपल्या जागी, काम आपल्या जागी.

चौकात ट्रकचं व्यासपीठ केलं होतं. गर्दी तुफान. काकू यायच्या नव्हत्या, पण घरात पाय ठरेना म्हणून आल्या आणि औषधाच्या दुकानाच्या कट्ट्याशी उभ्या राहिल्या. वर मास्तर कोटात ताठ उभे होते. चेहऱ्यावर इतका आनंद की काकूंना बघवेना. बेकरीवाल्यानं माईक हातात घेतला.

"गाणं ऐकण्याआधी आपल्या उचकीबाईंची आठवण काढू या! म्हणजे तिकडे त्यांना उचकी लागेल!"

चौक खदखदून हसला. मग हजार तोंडांनी एकदम उचक्या काढायला सुरुवात केली. म्हातारे, कॉलेजातली पोरं, खांद्यावर बसलेली लहान मुलं, सगळे. मास्तरांचा आनंद हळूहळू मावळत गेला. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली, आणि त्यांना काय दिसलं असेल ते काकूंना नेमकं कळलं.

माईक मास्तरांच्या हातात आला. लोक टाळ्या वाजवून गप्प झाले. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला.

"बेंऽऽऽऽऽ!"

जुन्या गाण्याच्या शेवटच्या सुराइतकं लांब, दम संपेपर्यंत. पोरं आधी हसली. पण साठीच्या पुढची काही डोकी खाली गेली. मास्तर बेकरीवाल्याकडे वळले.

"बरोबर लागला ना सूर? तुम्हीच शिकवला होता."

मास्तरांनी माईक त्याच्या हातात कोंबला आणि ते शिडीनं खाली उतरले. मग आरडाओरडा सुरू झाला. 'म्हातारा विकला गेला' इथपासून सगळं. एक पाण्याची बाटली मास्तरांच्या खांद्यावर आदळली. काकू गर्दीत घुसल्या.

"कोण रे तो? पुढे ये की! तुझ्या शाळेच्या चड्डीला बटणं मीच लावलीत, मला पाठमोरा काय ओळखू येणार नाहीस?"

पुढे कुणी आलं नाही. मास्तरांचा हात धरून काकू घराकडे निघाल्या. निम्मा रस्ता संपला तेव्हा मास्तरांनी विचारलं, "खरंच वाईट होतं?"

"फार. आणि शेवट तर संपता संपत नव्हता."

त्या मुलीच्या दारापुढच्या उचक्या काही थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्या होत्याच. आणि दुकानाच्या कडीला पुन्हा गवताची पेंढी होती, ताजी. काकूंनी ती ओरबाडून काढली आणि बेकरीच्या पायरीवर भिरकावली. आत आल्या तर मास्तर मशीनवर बसलेले. हनुवटी उघडी. पांढरट, लहानशी, लग्नातल्यासारखी.

"अहो, दाढी?"

"आता कशाला हवी?"

काकू सुईत दोरा ओवायला बसल्या, पण दोरा काही केल्या जाईना. मशीन सुरू झालं, आणि त्याच्या खडखडाटात मास्तर गुणगुणू लागले. तेच गाणं होतं, आणि तितकंच वाईट होतं. काकू उठल्या आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी सताड उघडली.