तीन जोड्या, एक खोली

विठ्ठलवाडीच्या चाळीत प्रफुल्ल साळवेच्या बाहेरच्या खोलीत तीन जोडपी नांदतात, असं शेजारची संचिता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ती जोडपी म्हणजे स्पीकर. थोरले काळेकुळकुळीत आणि उचलताना कंबर धरायला लावणारे, डोंबिवलीतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथून आलेले. मधले पांढरे, जरा नाजूक. धाकटे जेवणाच्या डब्याएवढे, कृतिकाने लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला दिलेले. दुसऱ्या एखाद्या बायकोने नवऱ्याला शर्ट दिला असता. पण कृतिकाला आपला नवरा पुरता ठाऊक होता.

प्रफुल्लचा पोटापाण्याचा धंदा लिफ्टचा. आठवड्याचे सहा दिवस तो ठाण्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि उरलेल्या दिवशी गाणी नीट करतो. गल्लीतल्या भीमजयंतीची गाणी त्याच्याच खोलीत रेकॉर्ड होतात. गाणाऱ्याचा आवाज, ढोलकी, बँजो, सगळ्यांना आपापली जागा द्यायची, हे काम त्याला कुणी शिकवलं नाही. तो करत गेला आणि येत गेलं. तीन जोड्या कशाला, असं विचारलं की तो खुलतो. "थोरल्यांवर खालचा आवाज कळतो, मधल्यांवर गळा कळतो. आणि मोबाईलवर लोकांना काय ऐकू येणार, ते धाकटे सांगतात." एवढं सगळं कळत असूनही गेल्या वर्षी त्याची जी फजिती झाली, तिला तोड नाही.

गाणं तुळसाआत्याचं होतं. ही त्याच्या वडिलांची बहीण, सत्तरीची, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबलेली. चाळीस वर्षं जयंतीला गाणारी, आणि गाणी स्वतः लिहिणारी. शाळेच्या दोनशेपानी वह्या भरल्यात तिने. गेल्या वर्षीचं गाणं तिच्या आईवर होतं, लेकरं झाल्यावर सही करायला शिकलेल्या आईवर:

अंगठ्याची शाई धुतली, आई सहीला बसली,
कंदिलाच्या उजेडात तिची अक्षरं हसली.

खोलीत ऐकताना प्रफुल्लला ढोलाचा खालचा आवाज फिका वाटला. त्याने तो वाढवला. तरी फिका. आणखी वाढवला. जयंतीला गल्लीतल्या डीजेच्या मोठ्या खोक्यांवर गाणं लागलं आणि संचिताच्या मांडणीवरची ताटं खाली आली. धाड धाड धाड, बाकी काही नाही. पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. आत्या मंडपातून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "पोरं लई नाचली रे. गाणं कोणतं होतं?"

त्या दिवशी प्रफुल्लला घास गेला नाही.

या वर्षी मार्च लागला तसा तो आत्याकडे गेला. तिने वही उशीखाली सरकवली. "मी काय नाय गात आता. शब्द पोचत नसतील तर गाऊ कशाला? नुसता ढोल वाजवा." त्याने हात जोडले, कृतिकाने गळ घातली, तेव्हा कुठे बाई पाघळली. "एकदाच. तेच गाणं. या वेळी ऐकू नाय आलं, तर वही तुला देऊन टाकीन, मला परत नको."

आता आली का पंचाईत! आत्याची वही म्हणजे तिचा जीव, आणि तो आता ऐकायला बसायची खुर्ची कुठे ठेवायची यावर टांगलेला.

प्रफुल्लने टेप काढला, ओळंबा काढला. खोली बारा फूट बाय नऊ. खुर्ची त्याने बरोबर मध्यावर ठेवली, एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही. गेल्या वर्षीही ती तिथेच होती. लिफ्टच्या कामात मध्य चुकला की डबा भिंतीला घासतो, तेव्हा मध्य साधला की सगळं साधलं, ही त्याची पक्की समजूत. समोर खिडकीखाली थोरले, त्यांच्या डोक्यावर मधले, मधल्यांच्या डोक्यावर धाकटे. दहीहंडीच झाली ती. गाणं लावलं, आणि ढोल पुन्हा गायब! त्याने कपाळावर हात मारला.

रविवारी सकाळी आत्या गायला आली ती दारातच थबकली.

"काय रे, ही तुझी खुर्ची?"

"हो."

"आणि बाबासाहेब कुठे?"

बुद्ध आणि बाबासाहेब पलीकडच्या भिंतीवर होते, बरोबर त्याच्या पाठीमागे. आत्याचा पारा चढला. "ज्यांच्यामुळे माझ्या आईला सही आली, त्यांच्याकडे पाठ करून तू तिचं गाणं नीट करतोस? आधी फिरव ते सगळं. नायतर मी चालले."

"अगं आत्या, वायरी, बोर्ड, सगळं या बाजूला आहे."

"फिरव ना," कृतिका म्हणाली. "नाहीतरी या बाजूला काय ऐकू येतंय तुला?"

दोन बायकांपुढे कोणाचं चाललंय? त्याने टेबल ओढलं, फोटोंखाली लावलं. पलंग, त्यावरच्या गाद्या आणि उशांच्या ढिगासकट, मागे खिडकीकडे गेला. पण लांबीने तो जवळजवळ मध्यापर्यंत आला, त्यामुळे खुर्ची काही मध्यावर बसेना. दीड फूट पुढे सरकवावी लागली. "गेला मध्य," असं पुटपुटत, तोंड कारल्यासारखं करून त्याने गेल्या वर्षीचं गाणं लावलं.

ढोल छातीवर आला. केवढा तरी मोठा, बेडौल, लाज वाटावी असा.

तो उठला, मागे मध्यावर जाऊन उभा राहिला. ढोल गायब. पुढे आला. ढोल हजर. पुढे, मागे, पुढे. आत्याला वाटलं, पोराला वारं लागलं. लहान खोलीत जाडा आवाज भिंतींपाशी साचतो आणि काही सूर नेमके मध्यावर येऊन मरतात, हे त्याला त्या सकाळी पायांनी कळलं. इतकी वर्षं तो मेलेल्या जागी बसून आवाज वाढवत होता.

मग गडी पेटला. थोरल्यांना भिंतीपासून किती लांब ठेवायचं, ते शोधायला त्याने एक थोरला उचलून खुर्चीवर बसवला, गाणं लावलं आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत, कान पुढे करून भिंतीकडेने फिरू लागला. जिथे ढोल गोळीबंद ऐकू येईल तिथे खडूची खूण, तीच थोरल्याची जागा. आत्या चहा पीत पाहत होती. "पाहुण्याला खुर्ची आणि घरधनी रांगतोय," ती म्हणाली, आणि हसता हसता चहा तिच्या पदरावर सांडला.

दहीहंडी मोडली. थोरले बाहेरच्या अंगाला खुणांवर, मधले त्यांच्या आत, धाकटे टेबलावर, सगळे कानाच्या उंचीला, सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे. कृतिकाला खुर्चीत बसवून त्याने ओळंब्याचा दोरा तिच्या नाकाशी धरायला दिला आणि दुसरं टोक प्रत्येक स्पीकरला लावून पाहिलं. डावं आणि उजवं अंतर अगदी सारखं. "नाकाला गुदगुल्या होतायत," ती म्हणाली. "हलू नको, तुझ्या नाकावर आत्याची वही आहे," तो म्हणाला. एका वेळी एकच जोडी बोलणार, बाकीच्या दोन गप्प, असा नियम ठरला. आत्या म्हणाली, हा नियम माणसांच्या घरातही हवा.

मग ती गायली. प्रफुल्लने ढोल बेताचा ठेवला, आणि सही थोरल्यांवर, मधल्यांवर आणि धाकट्यांवरही स्वच्छ ऐकू आली.

जयंतीच्या संध्याकाळी गल्ली फुलून गेली होती. गाणं लागलं तेव्हा प्रफुल्ल खोक्यांशेजारी उभा होता. पहिल्या कडव्याला पोरं नाचली. दुसऱ्याला गर्दीतून एक काठी वर झाली. "थांबवा! गाणं थांबवा आधी!"

काठी अण्णांची होती. निवृत्त मास्तर, पंचाहत्तरी ओलांडलेले. प्रफुल्लने गाणं थांबवलं.

"तुळसा," अण्णा कडाडले, "कंदील कुठून आणलास? मी सातवीत होतो तेव्हा. रात्रीच्या साक्षरता वर्गाला बायकांना अक्षरं गिरवायला मी देत होतो, तुझ्या आईलासुद्धा. नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबाखाली बसायचो आपण. कंदील कुणाच्या बापाकडे होता?"

"आमच्याकडे होता!" आत्या मंडपातूनच ओरडली. "आई घरी येऊन पुन्हा गिरवायची, ते तुम्हाला काय माहीत?"

"मग तसं लिही की! आधी खांब, मग कंदील!"

"खांब चालीत बसत नाय!"

बाया मध्ये पडल्या. एक म्हणाली कंदील, दुसरी म्हणाली चिमणी. नाचणारी पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत राहिली. आणि भांडता भांडता आत्या एकदम वळली. तिने प्रफुल्लकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"अण्णा," तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कंदील ऐकू आला?"

"आला म्हणजे? मी काय बहिरा आहे?"

आत्याने वही छातीशी घट्ट धरली.

"प्रफुल्ल, पहिल्यापासून लाव रे," ती म्हणाली. "अण्णांना अजून चुका काढायच्यात."