बैलांनी ओढलेली ओसरी

जर्सी सिटीहून निघाले तेव्हा डिकीत चकल्यांचा डबा होता आणि शेजारच्या सीटवर भिंग. चकल्या बाबांसाठी, भिंग जुन्या फोटोंसाठी. ऑफिसात मी "फॅमिली इमर्जन्सी" एवढंच सांगून रजा घेतली होती. ते खोटं नव्हतंच. बाबा रुसले होते.

माझ्या धाकट्या भावानं, निखिलनं, मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीच्या पुढे एका खेड्यात जुनं लाकडी घर घेतलंय. बाबा नागपूरहून त्याच्याकडे राहायला आले आणि आठवड्यातच कंटाळले, कारण घराला ओसरी नाही. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून माणसं पाहिलेल्या माणसाला बाहेर खुर्ची टाकायला जागा नको? निखिलनं ओसरीचा नकाशा काढला, तर जुनी घरं जपणाऱ्या गावच्या समितीनं तो परत पाठवला. या घराला पूर्वी ओसरी होती असा फोटो आणा, नाहीतर विसरा. थंडीच्या आधीची शेवटची बैठक सोमवारी होती आणि बाबांनी परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगून ठेवलं होतं.

वाटेत मेपलची झाडं इतकी लाल झालेली, की पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट समजून मी उगाच ब्रेक दाबत होते. गाव मात्र चित्रासारखं गप्प. मधोमध कॉमन (गावाचं सामाईक मैदान), भोवती पांढरं चर्च, पोस्ट आणि एक दुकान. इथे आलेल्या इंग्रजांना घरची आठवण येत असावी. आपल्या खेड्याचं नाव, चर्चचा कळस, दगडी कुंपणं, सगळं त्यांनी पुन्हा मांडून ठेवलंय.

बाबा दारातच उभे होते.

"आलीस? बरं झालं. मला सोबतच घेऊन जा. इथे दिवसभर कोणी दिसून नाही राहिलं. एक खार येते, तेही घाईत."

"ताई, यार, तूच काहीतरी कर," निखिल आतून ओरडला. "मी आर्किटेक्टला होल्डवर ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाचनालयाच्या तळघरात गेलो. गावाचे जुने फोटो तिथे मार्थाबाईंच्या ताब्यात असतात. ऐंशीच्या घरातल्या, चष्मा साखळीला बांधलेला, शिस्त कडक. आधी त्यांनी सायडर डोनट (सफरचंदाच्या रसात भिजवलेल्या पिठाचे तळलेले गोड वडे) खाऊ घातले आणि मग तेलकट हातांसाठी आम्हालाच रागावून बेसिनकडे पिटाळलं.

निखिलच्या पत्त्याचं पाकीट निघालं. पहिल्या फोटोत तिथे लोहाराची भट्टी होती आणि दारात घोडे. पुढच्यात भट्टीचं छप्पर खचलेलं, त्यापुढे नुसतं गवत. मग एकदम निखिलचं घर, पण बोडकं. ओसरीचा पत्ता नाही. एका फोटोत मात्र कॉमनच्या कडेला झोकदार ओसरी दिसली. मी त्याची प्रत घेऊन पळत निखिलच्या घरापाशी गेले आणि फोटो न् जागा जुळवत मागे मागे सरकताना शेजाऱ्यांच्या भोपळ्यांत जाऊन बसले. शेजारीणबाईंनी मला उठवलं, फोटो पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "हे माझं घर आहे."

मागचं झटकत परत आले तेव्हा निखिलनं कपाळाला हात लावला होता. बाबांना मात्र आमच्या शोधात काडीचा रस नव्हता. भलत्याच, गिरणीच्या रस्त्याच्या पाकिटातला एक फोटो घेऊन ते एकटेच हसत होते.

"हे पाहा. बैल काय ओढून राहिले! अख्खं घर!"

खरंच, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या, आणि ओंडक्यांवर सरकत चाललेलं दुमजली घर. मार्थाबाईंना त्याचं काहीच नवल नव्हतं. "पूर्वी घरं हलवायचेच. जमीन विकायची, घर सोबत न्यायचं."

आम्ही पडलो जमिनीला चिकटलेली माणसं. घर गावात फिरू शकतं, हे आमच्या डोक्यात येणार कुठून? मी भिंग लावलं. दारावर अर्धगोल खिडकी, तिची एक काच तिरकी बसलेली. तीच काच निखिलच्या दारावर मी कालच पाहिली होती. घर गिरणीच्या रस्त्यावरून इथे आलं होतं, आणि येताना त्याला ओसरी होती!

"आता माणूस पाहा," बाबा म्हणाले.

त्या चालत्या घराच्या ओसरीत, खुर्चीत, एक म्हातारा बसला होता. हाताची घडी घालून.

सोमवारी समितीत फोटो हातोहात फिरला. अध्यक्षीणबाईंनी भिंगातून काच पाहिली, ओसरी पाहिली, आणि फोटोतल्यासारखीच बांधायची या अटीवर परवानगी दिली. मग त्यांनी विचारलं, "पण हा बसलाय कोण?" मार्थाबाईंनाही माहीत नव्हतं.

"मला ठाऊक आहे," बाबा मराठीतच म्हणाले. "पोरं म्हणाली असतील, बाबा, उतरा. हा म्हणाला असेल, कुठेही न्या, मी इथेच बसतो."

मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा सगळे हसले. बाबांनाही आम्ही नागपूरहून उचलूनच आणलं होतं. खुर्ची तेवढी राहून गेली होती.

बाहेर पडताना ते निखिलला म्हणाले, "तिकिटाचं राहू दे सध्या."

मी जर्सी सिटीला परतले. पहिल्या फळ्या ठोकल्या गेल्या त्याच दिवशी बाबांचा फोटो आला: टोपी, स्वेटर, खुर्ची, हाताची घडी. मार्थाबाईंनी एक प्रत निखिलच्या घराच्या पाकिटात ठेवलीसुद्धा.

तो फोटो पाहून मला काय वाटलं कोण जाणे, माझ्या उंच इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळभरात समोरच्या काकू कोल्हापूरच्या निघाल्या आणि कोपऱ्यातल्या आजोबांनी कुत्र्याची ओळख करून दिली. सकाळी मॅनेजमेंटची मेल आली: कॉरिडॉरमध्ये खुर्ची ठेवता येणार नाही.

मी खुर्ची आत घेतलेली नाही. काकूंना फोटो काढायला बोलावलंय. पुढेमागे कुणी पुरावा मागितला, तर असलेला बरा.