पाय वर करणारी खुर्ची

माझे वडील, भिला आप्पा, आयुष्यात कधी टेकून बसले नाहीत. ओट्यावर बसले तरी उकिडवे. लग्नाच्या मांडवात कोणी आग्रहाने खुर्ची दिली तर पुढच्या कडेवर बसत, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आई होती तेव्हा चिडायची, म्हणायची, “याह्नाकडे दखा, जशी काय यस्टी सुटी जाई ऱ्हायनी.” आम्ही हसायचो. अख्ख्या प्रकाशा गावात आप्पांच्या बसण्याची चेष्टा होती.

कारण फक्त मला माहीत होतं. एकदा आम्ही दोघंच केळीला पाणी देत होतो तेव्हा त्यांनी सांगितलं. माझे आजोबा शेतात भाकर खाऊन निंबाला टेकले आणि तसेच गेले. आप्पा तेव्हा लहान होते. बाप झोपलाय असं समजून ते ऊन कलेपर्यंत शेजारी बसून त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकत राहिले. तेव्हापासून आप्पांनी कशालाच पाठ लावली नाही. “हेमकांतले सांगू नको,” म्हणाले, “पोऱ्या घाबरट शे.” मी कोणालाही सांगितलं नाही, आणि ती माझी चूक झाली.

हेमकांत माझा धाकटा भाऊ. शहाद्याला बँकेत आहे. तो वाईट नाही. हे मी दात-ओठ खाऊन का होईना, पण म्हणते. लहानपणी जत्रेत तंबूतला पिक्चर यायचा. आप्पा त्याला खांद्यावर घेऊन तंबूत अगदी मागे तीन-तीन तास उभे राहायचे, कारण पुढे बसलं की पोराला दिसायचं नाही. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गावातच नवं घर बांधलं तेव्हा त्याने मधली खोली पिक्चर बघण्यासाठीच ठेवली. खिडकी नाही, भिंतींना फोम आणि कापड, जाडजूड दार. “आत फटाका फोडा, बाहेर कळणार नाही,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं.

राहिल्या खुर्च्या. “मोबाईलवर फोटो बघून खुर्ची घेत नाहीत, बसून घेतात,” असं म्हणून हेमकांत आप्पांना घेऊन नंदुरबारला आला. बायपासवर एक मोठं शोरूम झालंय. मी नंदुरबारलाच नांदते, तेव्हा मीही निघाले. आप्पांनी मात्र एक अट घातली. बैल घ्यायला जाताना जाणता माणूस सोबत नेतात, तसा निजामभाई सोबत पाहिजे. निजामभाई नंदुरबारचे जुने कुशनवाले. आधी टॉकीजच्या सीटा शिवायचे, टॉकीज बंद पडल्यावर ट्रॅक्टरच्या. आप्पांच्या ट्रॅक्टरची सीट तीन वेळा त्यांनीच शिवली होती. हेमकांतचं तोंड वाकडं झालं, पण त्याने निजामभाईंना गाडीत घेतलं.

शोरूमच्या मागे एक अंधारी खोली होती. एसीने नुसती गार पडलेली. समोर पडद्यावर समुद्राच्या लाटा, आणि ओळीने चार काळ्या खुर्च्या. शर्ट खोचलेला सेल्समन म्हणाला, “काका, बसून तर बघा.” आप्पा कडेवर बसले. त्याने त्यांना खांद्याला धरून मागे सरकवलं आणि बटण दाबलं. पाय हळूहळू वर आले, पाठ हळूहळू मागे गेली. आप्पांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडली होती. लाटा समोर होत्या, पण ते छताकडे बघत होते.

निजामभाई एव्हाना जमिनीवर बसून खुर्चीच्या पोटात डोकावत होते. बाहेर येऊन त्यांनी हात झटकले.

“भिलाभाऊ, बठाले कोनले बी येस,” ते म्हणाले. “आते उठीसन दखाडा.” आणि सेल्समनकडे वळून, “भाई, मेन स्विच बंद करा.”

“कशाला चाचा?”

“आमच्याकडे लाईट जाते.”

त्याने हसत स्विच पाडला. लाटा गेल्या, एसी गेला. अंधारात फक्त रेग्झिनवर नखं घासल्याचा आवाज येत होता. हेमकांतने मोबाईलचा उजेड केला. आप्पांचे पाय हवेत होते, जमिनीला पोहोचत नव्हते. पाठ उचलत नव्हती. बाजूने उतरावं तर हात ठेवायच्या कडा उंच. तापीच्या वाळूत पोरांनी कासव उलटं करून ठेवावं तसे ते पडले होते. हेमकांत हसला, सेल्समन हसला. मग आप्पाही हसले, पण नखं रेग्झिनमध्ये रुतलेलीच होती.

लाईट आली, खुर्ची खाली आली. सेल्समन म्हणाला, याला बॅटरीचा डबा येतो, या लॉटमध्ये आलेला नाही, मागून पाठवतो.

“आप्पा, आवडनी ना?” हेमकांतने विचारलं.

“तुले आवडनी तं मले बी आवडनी.”

बाहेर गाडीजवळ मी हेमकांतला धरलं. म्हटलं, “आप्पासले भ्याव वाटस, हाई खुर्ची नको लेऊ.”

“कसानं भ्याव? डॉक्टरनी पाय वर ठेवाले सांगं शे. त्यास्ना पाय कितला सुजतंस, तुले मालूम शे का? तू तं आठे ऱ्हास.”

खरं होतं ते. पायांना तेल तो लावायचा, त्याची बायको काजल लावायची. मी सणावाराला जाणारी. निंबाची गोष्ट ओठांवर आली होती. पण आप्पा काचेआडून आमच्याकडे बघत होते, आणि मी गिळली.

खुर्च्या बसल्या. बॅटरीचा डबा काही आला नाही. भिंतीचं राहिलेलं कापड लावायला निजामभाई प्रकाशाला गेले तेव्हा मी त्यांना फोन करून गयावया केली. त्यांनी कोणाला न सांगता आप्पांच्या खुर्चीच्या पोटातली खीळ सैल केली, तिला लाल पट्टा बांधला, आणि तो पट्टा हाताशी येईल असा पुढच्या शिवणीतून वीतभर बाहेर काढला. आप्पांना समजावलं, “लाईट गई ना, तं यक झटका द्या. शिवन उसवी, पाय खाले यी जातीन. शिवन मी परत मारी दिसू.” आप्पांनी मान डोलावली. निजामभाईंनी मला हे कळवलं आणि मी निर्धास्त झाले. निर्धास्त! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिन्यात धानोऱ्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवात काजल भेटली. मी आधी विचारलं, “आप्पा?”

“घरी शेतस, ताई. भजन लाई दिनं, पाय वर करी दिनात. कोनी तरास द्यावाले नको म्हनीसन भाईरथून कुलूप लाई उनू.”

ती हे मायेने सांगत होती. मी काही बोलणार तोच वारा सुटला. मांडवाचं कापड फडफडलं, धुळीने ताटं भरली, बँडवाल्याचा स्पीकर मध्येच बंद पडला. कोणीतरी म्हणालं, तिकडे प्रकाशाला पण पोल पडले, पार शहाद्यापर्यंत लाईन गेली. मी आप्पांचा नंबर लावला. त्या खोलीत रेंज येत नाही हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. हेमकांत पंगतीत वाढत होता. म्हणाला, “तासभरमा यी जाई लाईट.” मी काजलच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि मिळेल त्या जीपमध्ये बसले.

रस्त्यात दोन ठिकाणी झाडं आडवी पडली होती. प्रत्येक वेळी जीप थांबली की मला निंबाखाली बसलेलं ते पोर दिसायचं, माश्या हाकणारं. प्रकाशाला पोहोचायला तीन तास लागले. लाईट आलीच नव्हती. कुलूप काढलं. घर एकदम चिडीचूप. त्या जाड दाराला कान लावला, काही ऐकू येईना. ते तर बांधलंच त्यासाठी होतं.

दार ढकललं तर आतून गरम, कोंडलेली हवा अंगावर आली. मोबाईलच्या उजेडात आधी पाय दिसले, वर उचललेले, सुजलेले. मग मागे टेकलेली मान, उघडं तोंड. आप्पा टेकले होते. मला वाटलं, संपलं. मी त्यांच्या पायाला हात लावला.

“लाईट उनी का?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांचे पाय धरून ढसाढसा रडले. मग उजेड त्यांच्या हाताकडे नेला. लाल पट्टा मुठीत होता, बोटांना दोनदा गुंडाळलेला. बोटं काळीनिळी पडली होती. शिवण मात्र होती तशीच होती, एक टाकाही उसवलेला नव्हता.

“आप्पा, पट्टा काबर नही वढा?”

“फाटी जाई ना, माय. नवी खुर्ची शे हेमकांतनी.”

मला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना. त्यांच्या बोटांचा वेढा सोडवला, पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव लावून ओढला. शिवण टराटरा फाटली, आत काहीतरी खाड्कन निसटलं आणि त्यांचे पाय जमिनीला लागले.

मला वाटलं, आता ते उठतील, बाहेर हवेत जातील. ते उठले नाहीत. पुढे वाकून चाचपडत त्यांनी फाटलेली जागा शोधली, तिच्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणून धरल्या आणि दाराकडे बघत हळूच विचारलं, “हेमकांत येवाना पहिले निजाम शिवन मारी देई का, माय?”