तिरकी बाही

बावीस वर्षं कापड बेतलेल्या मावशींना कंपनीने पडद्यावर कपड्यांचे नमुने आखणारं सॉफ्टवेअर तपासायला ठेवलं होतं. एकदा त्यांनी बाहीचा नमुना थोडा फिरवला आणि धुतल्यावर कापड आटतं म्हणून त्याची लांबी वाढवली. बाही लांब व्हायच्या ऐवजी तिरकी झाली.

"फिरवलेली बाही हे सॉफ्टवेअर बाहीच्या लांबीत ताणत नाही, पडद्याच्या उंचीत ताणतं," त्यांनी साहेबांना दाखवलं.

साहेब हसले. "मावशी, चष्म्याचा नंबर तपासा."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तोच नमुना खऱ्या मापात छापला, कापड कापलं, बाही शिवली आणि भर बैठकीत साहेबांपुढे धरली. "घाला हात!"

बाही कोपरापाशीच पिळवटली.

"पुढच्या आवृत्तीत बघू," साहेब पुटपुटले.

"आजच! कापलेलं कापड तुमच्या बटणाने परत जुळत नाही."

बैठकीतल्या प्रोग्रामर बाईने तिथेच सॉफ्टवेअरमधला क्रम बदलला : आधी ताण, मग फिरवणं. पडद्यावर बाही सरळ आली.

संध्याकाळी अहवालात 'चूक कोणी शोधली' यापुढे साहेबांचं नाव होतं. मावशी तडक त्यांच्या खोलीत गेल्या आणि ते त्यांनाच खोडायला लावलं.