मनगटावरचा चिमटा

रोज सकाळी चहाचा कप विसळून उपडा घातला की ती डाव्या मनगटाला चिमटा काढायची. हळूच नव्हे, कातडी पिळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिथे एक जांभळा डाग कायमचा मुक्कामाला आला होता. चिमटा काढून झाला की ती कान दिल्यासारखी थांबायची. मनगटाची आग निवली की स्वतःशीच म्हणायची, "ठीक आहे ताई," आणि चप्पल घालायची.

ताई तिची जुळी बहीण. चार श्वास आधी जन्मली म्हणून जन्मभराची ताई. त्यांचे वडील एकीला खोलीत कोंडून पट्ट्याने फोडून काढायचे, तेव्हा दुसरी बाहेर जिन्यात बसून त्याच क्षणाला विव्हळायची. शेजारणी म्हणत, "जुळ्यांचं असंच असतं गं. एकीचं दुखणं दुसरीला पोचतं." पोरींनी ते खरं धरलं. मार खाताना तेवढाच आधार.

पुढे ताईला टँकर चालवणारा नवरा मिळाला आणि पट्ट्याची जागा त्याच्या बुटांनी घेतली. ताईचा मोबाइल त्याने भिंतीवर आपटला. तिने चोरून दुसरा घेतला, तर तिचं तोंड भिंतीवर आपटलं. समोरचे दोन दात गेले. आईच्या शेवटच्या आजारात दोघी दवाखान्याच्या जिन्यात भेटल्या, तेव्हा ताई ओठांवर पदर धरून बोलत होती.

"आता फोन नको. रोज सकाळी चहानंतर चिमटा काढायचा. मनगट शांत झालं, तर समज मी बरी आहे. जळतच राहिलं, तर ये."

त्याला तीन वर्षं झाली. मनगट रोज शांत होत होतं.

धाकटी एका प्रयोगशाळेत कामाला होती. केसाएवढ्या काचेच्या तारा सोलायच्या, कापायच्या, ठिणगीने टोकाला टोक सांधायचं. हातात सदा चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणायचे. कापलेल्या टोकांचे तुकडे दिसतही नाहीत, पण बोटात शिरले की मांस पोखरत आत जातात. ते ती झाकणाच्या डबीत टाकायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावायची, "हे डोळ्यात गेलं तर डॉक्टरच्या बापालाही सापडायचं नाही."

तिने सांधलेली तार एका खोलीतून निघून दूरच्या दुसऱ्या खोलीत जायची. प्रकाशाच्या कणांची जोडी तयार करून एक कण इकडे ठेवत, दुसरा तिकडे पाठवत. मापलं की दोन्हीकडची उत्तरं जुळत. चिमटीला हे ऐकून माहीत होतं आणि मनातून त्याचा अभिमानही होता. आमचंच शास्त्र हे, असं तिला वाटायचं.

एका दुपारी तिने प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं, "मॅडम, इकडच्या कणाला धक्का दिला की तिकडच्याला लगेच लागतो ना? प्रकाशाच्याही आधी?"

"कोणाला निरोप धाडायचाय? फोनचं बिल वाचवतेस का?" मॅडम हसल्या.

"सांगा ना."

मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. शून्य, एक, एक, शून्य, नुसती खडखड चालली होती. "ही तिकडची खोली. आता मी इकडे काहीतरी करते." त्यांनी एक खटका फिरवला. "बदललं काही?"

"नाही."

"आणि बदलणारही नाही. मी इथे मापो, न मापो, डोकं आपटून घेवो, तिकडच्याला अशीच खडखड दिसणार. जुळतं, पण कळत नाही. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की मगच जुळलेलं दिसतं. आणि आकडे आणायचे तर साधा फोन लागतो, नाहीतर गाडी. ते प्रकाशाच्या पुढे धावत नाहीत."

"म्हणजे तिकडचा मेला तरी इथे..."

"इथे खडखड. अगं, पांढरी का पडलीस?"

चिमटी तशीच उठून चालू लागली. डबी खिशात तशीच राहिली, अंगावरचा कोटही. तिने बस पकडली.

ताईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ताई भिंतीला धरून धरून पुढे आली. डावा हात कोपराखाली वेडावाकडा जुळलेला, एक डोळा अर्धा मिटलेला.

"हा हात कधी?"

"आपल्या वाढदिवसाला. टँकरची चाकं उघडायच्या लोखंडी टॉमीने."

वाढदिवसाला प्रयोगशाळेत सगळ्यांनी चिमटीच्या नाकाला केकचं क्रीम फासलं होतं. ती पोट धरून हसली होती.

"चिमटा काढला नाहीस तू?"

"काढला की. मोडक्या हातावर काढला," ताई म्हणाली. "वाटलं, येशील."

चिमटीने आपलं डागाळलेलं मनगट पुढे केलं. "मला काही लागलं नाही गं. कधीच काही लागलं नव्हतं."

"मग लहानपणी जिन्यात रडायचीस ते?"

"दार पातळ होतं, ताई. पट्ट्याचा आवाज यायचा."

तेवढ्यात बाहेर टँकर थांबला. चिमटीने ताईला मागच्या दाराकडे ढकललं. बस स्टँड गल्लीच्या टोकाला होता, पण ताईला धावता येत नव्हतं. कोणीतरी त्याला अडवायला हवं होतं.

तो टॉमी घेऊनच आत आला. "अरे वा, मेहुणी! तुझी ताई कुठाय?"

"आंघोळीला गेलीय, दाजी. बसा."

त्याने मागचं उघडं दार पाहिलं. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला आणि हाड लाकडासारखं कडाडलं. दुसऱ्या हाताने तिने डबी उघडून त्याच्या तोंडावर रिती केली. तो ओरडला, डोळे चोळू लागला, आणि जितके चोळले तितकी काच आत गेली. रक्ताळल्या डोळ्यांनी तो आंधळे घाव घालत सुटला. कपाट फुटलं, आरसा फुटला. ती बाजूला सरली असती तर वाचली असती. पण ती मागच्या दाराच्या चौकटीतून हलली नाही. तो तिला तुडवून पलीकडे जायला बघत होता, ती पाय धरून लोंबकळली होती. तिसरा घाव डोक्यावर बसला. नंतरचे किती, ते मोजायला ती नव्हती. शेजारी आत शिरले तेव्हा तो भिंतीवर टॉमी मारत होता. तिच्या बोटांची पकड त्याच्या घोट्यावरून सोडवावी लागली.

अंधार पडला तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात फोन वाजत होता, कोणत्या तरी दूरच्या स्टँडवरून. थांबे, पुन्हा वाजे.

मागच्या दाराशी ताई अडखळली होती, चप्पल पायात शिरत नव्हती. वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावताना चिमटी म्हणाली होती,

"पोचलीस की फोन कर हं. नाहीतर मला कळायचं नाही."